हॅलोविन एंड्स : हा शेवट तुम्हाला पटला का? (सगळे स्पॉयलर आहेत)

रातकिडा :

खाली शेवटापर्यंतचं सगळं फोडलं आहे. पाहिला नसेल तर आधी पाहून या.

हॅलोविन ही माझी आवडती भयपट मालिका. १९७८ चा जॉन कार्पेंटरचा पहिला चित्रपट मी दर ऑक्टोबरात बघतो. तीन लाख डॉलरच्या आसपास खर्चात, वीसेक दिवसांत उरकलेलं काम. रक्त जवळजवळ नाहीच. तरी भर दिवसा फुटपाथवर झुडपांच्या कुंपणाशी उभा असलेला खुनी मायकेल मायर्सचा तो पांढरा मुखवटा दिसला की आजही पोटात गोळा येतो. पुढचे भागही मी सगळे पाहिलेत, चांगले नि टुकार दोन्ही, आणि प्रेमाने.

२०१८ मध्ये डेव्हिड गॉर्डन ग्रीनने मधले सगळे भाग पुसून टाकले आणि थेट पहिल्या चित्रपटाला धरून चाळीस वर्षांनंतरची गोष्ट सुरू केली, तेव्हा मला फार आनंद झाला होता. पहिल्या चित्रपटात मायकेलच्या हातून वाचलेली लॉरी आता आजी झालेली, घराचा सापळा करून मायकेलची वाट बघत बसलेली, लेक कॅरन दुरावलेली. २०२१ च्या पुढच्या भागाच्या, 'हॅलोविन किल्स'च्या शेवटी मायकेलने कॅरनला मारलं. त्यामुळे तिसऱ्या भागात लॉरी आणि मायकेल समोरासमोर, सगळा हिशोब चुकता, असंच आम्ही धरून चाललो होतो. जाहिरातीही तेच सांगत होत्या.

आणि 'एंड्स' (२०२२) सुरू होतो कोरी कनिंगहॅम नावाच्या कोण कुठल्या पोरापासून. २०१९ ची हॅलोविनची रात्र. कोरी एका श्रीमंत घरी लहान मुलाला सांभाळायला आलाय. मुलगा खोडी काढून त्याला वरच्या मजल्यावर कोंडतो. कोरी घाबरून दारावर लाथा मारतो, दार धाडकन उघडतं, दाराशी उभा असलेला मुलगा कठड्यावरून थेट खाली, आणि नेमके त्याच क्षणी आईवडील घरात पाऊल टाकतात. वर कठड्याशी कोरी, हातात सुरी. यात मायकेल नाही, ठरवून केलेला खून नाही. तरी तिन्ही भागांत इतकं भेदक दुसरं काही नाही, असं माझं ठाम मत आहे.

मग मायकेल येतो पाऊण तासाच्या आसपास. गटाराच्या बोगद्यात, थकलेला. कोरी त्याच्या हाती लागतो, मायकेल त्याचा गळा धरतो, डोळ्यांत बघतो आणि सोडून देतो. त्यानंतर खून बरेचसे कोरी करतो. लॉरी-मायकेलची झटापट शेवटच्या वीसेक मिनिटांत, स्वयंपाकघरात.

मला कोरीची गोष्ट मनापासून आवडली आणि तिच्याचमुळे रागही आला. ज्या बाईसाठी ही तीन चित्रपटांची वाट चाललो, तिलाच तिच्या शेवटच्या चित्रपटात कडेला बसवलं. तुम्हाला काय वाटतं? हे धाडस की प्रेक्षकांशी बेइमानी?

अश्विनी_ठाणे :

बेइमानी. पुरणपोळीचं आमंत्रण देऊन बिर्याणी वाढली. बिर्याणी उत्तम होती हे मान्य, पण मी सकाळपासून उपाशी राहिले होते ते पुरणपोळीसाठी.

शून्यगुण :

मला कोरीही नाही आवडला. तो मायकेलला लोळवून मुखवटा काढून घेतो तिथे मी चित्रपट सोडला. ज्याने मागच्या भागात एकट्याने अग्निशमन दलाची अख्खी तुकडी कापून काढली, त्याला हे पोरगं कुस्तीत चीत करतं?

नाईटशिफ्ट :

@शून्यगुण, १९६३ मध्ये पहिला खून केला तेव्हा मायकेल सहा वर्षांचा होता. म्हणजे 'एंड्स'मध्ये पासष्टीचा. किल्समध्ये जमावाने त्याला गोळ्या घातल्या, भोसकला, झोडपला. त्यानंतर चार वर्षं गटारात काढली. तो दमणारच. ग्रीनच्या २०१८ पासूनच्या भागांची अटच ही आहे की मायकेल माणूस आहे. सख्खा भाऊ नाही, शाप नाही, पंथ नाही. माणूस म्हटलं की म्हातारपण आलंच.

शून्यगुण :

मग किल्समध्ये गोळ्या खाऊन तो उठला कसा? तेव्हा माणूस नव्हता का?

नाईटशिफ्ट :

याला माझ्याकडे उत्तर नाही. किल्सच्या शेवटी लॉरीच म्हणते की तो जितकी माणसं मारतो तितका आणखी मोठा होत जातो. पुढच्याच भागात तो गटारात खंगलेला दिसतो. दोन्हींचा मेळ दिग्दर्शकाने घालायला हवा होता. हा माझा या त्रयीवरचा सगळ्यात मोठा आक्षेप आहे.

टेपरेकॉर्डर :

मी जुन्या लोकांपैकी. व्हिडिओ लायब्ररीतून कॅसेट भाड्याने आणून पाहणाऱ्या पिढीचा. धागाकर्त्यांच्या प्रश्नाकडे जरा मागून येतो.

मायकेलशिवाय हॅलोविन करायचा प्रयत्न याआधीही झाला आहे. १९८२ चा तिसरा भाग, 'सीझन ऑफ द विच'. १९८१ च्या दुसऱ्या भागात मायकेल आणि त्याच्यावर उपचार करणारा डॉक्टर लूमिस दोघांनाही आगीत संपवलं होतं. कार्पेंटर आणि त्याची सहलेखिका-निर्माती डेब्रा हिल यांना वाटलं, आता दरवर्षी हॅलोविनच्या रात्रीची एक नवी, स्वतंत्र गोष्ट सांगू. म्हणून तिसऱ्या भागात मुखवटे बनवणारी एक कंपनी, त्या मुखवट्यांत दडलेलं मरण आणि टीव्हीवरची डोक्यात रुतून बसणारी जाहिरात. लोक चिडले. मायकेल कुठाय, एवढंच विचारत राहिले. १९८८ मध्ये चौथा भाग आला तो नावातच 'मायकेल मायर्स परत आला' अशी ग्वाही देत.

आज तोच तिसरा भाग डोक्यावर घेणारे हजारो चाहते आहेत. आणि 'एंड्स'च्या सुरुवातीची अक्षरं नीट बघा. निळी, त्याच तिसऱ्या भागाच्या वळणाची. दिग्दर्शक पहिल्या काही मिनिटांतच सांगतोय की मी कोणत्या वाटेने चाललोय. त्यामुळे 'बेइमानी' हा शब्द मला मान्य नाही.

अश्विनी_ठाणे :

टेपरेकॉर्डर काका, अक्षरांच्या रंगावरून कळायला तिसरा भाग पाठ असावा लागतो. तिकीट काढून आलेल्या साध्या प्रेक्षकाला पोस्टरवर लॉरी आणि मायकेलच दिसतात. चित्रपटात खूण ठेवली म्हणून पोस्टरवरचं वचन माफ होत नाही.

टेपरेकॉर्डर :

हे मात्र खरं. पोस्टर आणि चित्रपट वेगवेगळं बोलत होते. दोष जाहिरात करणाऱ्यांचा की दिग्दर्शकाचा, यावर वाद घालता येईल.

खारावारा :

धागा वाचतेय आणि एक वेगळाच विचार मनात आला. मी तळकोकणातली. आमच्याकडे भुतांची काही कमतरता नाही, पण प्रत्येकाला कारण असतं. मुंजा का झाला, तर मुंज होऊन लग्नाआधी गेला. हडळ का झाली, खवीस का झाला, सगळ्याचा हिशोब आजीकडे तयार. आणि कारण कळलं की उपायही असतो. नारळ, कोंबडा, उतारा, देवाला कौल. भीती असते, पण तिला एक दार असतं.

१९७८ चा मायकेल मला पहिल्यांदा भयंकर वाटला तो म्हणूनच. डॉक्टर लूमिस पंधरा वर्षं त्याच्यावर काम करतो. आधी बरा करायला बघतो, मग तो कधी बाहेर पडू नये म्हणून झटतो, आणि शेवटी सांगतो काय, तर या मुलात माणूसपण काहीच नाही. कारण नाही. कारण नाही म्हणजे उताराही नाही.

पुढच्या भागांनी भगताचं काम केलं. लॉरी त्याची बहीण म्हणून मागे लागलाय (१९८१), थॉर्न नावाच्या पंथाचा शाप आहे (१९९५), लहानपणी घरात मारहाण आणि शिवीगाळ होती (रॉब झॉम्बीचा २००७ चा). प्रत्येक वेळी भीती थोडी कमी झाली. ग्रीनने बहिणीचं कारण काढून टाकलं याबद्दल मी त्याची ऋणी आहे. पण कोरीतून त्याने पुन्हा कारण दिलं. गावाने छळलं म्हणून बिघडला.

वडापाव_बर्लिन :

खारावारा, जबरदस्त प्रतिसाद. आपल्या तात्या विंचूलाही बाहुल्यात शिरायला मंत्र लागला होता. मराठी मनाला विनाकारण खुनी पचतच नाही.

नाईटशिफ्ट :

@खारावारा, तुमचा मुद्दा फार आवडला, पण निष्कर्ष पटत नाही. कोरीला कारण आहे, मायकेलला नाही. चित्रपट दोघांना शेजारी उभं करतो ते याचसाठी. एक दुष्टपणा जन्माला आलेला, एक घडवलेला. लॉरी तिच्या पुस्तकात लिहीत असते तेही साधारण हेच, की बाहेरून येणारं संकट एक आणि आतून वाढणारं दुसरं. मायकेलचं कोडं चित्रपट सोडवत नाही. कोरीचं सोडवतो.

खारावारा :

मग बोगद्यात मायकेलने त्याच्या डोळ्यांत बघितल्यावर नेमकं काय होतं? काही संक्रमित होतं की कोरीत ते आधीच होतं? एका वेळी दोन्ही सुचवलंय. मला तिथे धूसरपणापेक्षा गोंधळ जास्त दिसला.

रातकिडा :

@खारावारा, त्या प्रसंगात मायकेलला कोरीच्या नजरेत तो मुलगा कठड्यावरून पडताना दिसतो, आठवणींचे तुकडे झरझर येतात. मी त्याचा अर्थ असा लावला की मायकेल काही देत नाही, ओळखतो. कोरीत अपराधाची जी जखम होती तिला पहिल्यांदा कोणीतरी न घाबरता बघितलं. गावात त्याच्याकडे सरळ नजरेने बघणाऱ्या दोघीच, लॉरी आणि तिची नात अ‍ॅलिसन. आणि त्या दोघी त्याला बरं करायला बघतात. मायकेल बघत नाही.

पण सहमत, हे ठसवायला आणखी दोन प्रसंग हवे होते. गटारातून बाहेर आलेला कोरी एका रात्रीत बदलतो, ते घाईचं झालं.

तिहाई :

अवांतर, पण राहवत नाही. मी तबला शिकवतो. या मालिकेच्या मूळ धूनबद्दल कोणीच बोललं नाही!

कार्पेंटरचे वडील संगीताचे प्राध्यापक. त्यांनी त्याला लहानपणी बाँगोवर पाचाचा ठेका शिकवला, त्याच ठेक्यावर त्याने ही धून बांधली. पियानोचे दहा स्वर मोजून बघा, ३-३-२-२ असे पडतात. आपला झपतालही दहा मात्रांचा, पण तो २-३-२-३. धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. दोन सारखे अर्धे, मन स्थिर होतं. कार्पेंटरच्या आवर्तनात आधी दोन लांब ढांगा आणि मग दोन आखूड. म्हणजे प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी पावलं जवळ जवळ येतात, आणि समेवर टेकायला मिळत नाही तोवर पुढचं आवर्तन सुरू. कोणीतरी मागून चालतंय ही भावना तिथून येते. विद्यार्थ्यांना टाळ्या देऊन करायला सांगितलं की सगळे आठव्या मात्रेपाशी अडखळतात.

टेपरेकॉर्डर :

वा तिहाई! यावर भर : संगीत नसलेली प्रत कार्पेंटरने एका मोठ्या स्टुडिओतल्या बाईंना दाखवली होती, त्यांना अजिबात भीती वाटली नाही. तेव्हा त्याने ठरवलं की हा चित्रपट संगीतानेच वाचवायचा. संगीतासह पाहिल्यावर त्याच बाईंचं मत बदललं.

रातकिडा :

आणि 'एंड्स'चं संगीतही कार्पेंटर, त्याचा मुलगा कोडी आणि डॅनियल डेव्हिस यांचंच. चित्रपट न आवडलेल्यांनीही हेडफोन लावून ते ऐकावं. कोरी मोटारसायकलवर निघतो तिथला तुकडा मी कितीदा ऐकतो. तिहाई, तो तुकडा ऐकून त्यावरही लिहा, प्लीज.

मक्याचंशेत :

मी इलिनॉयमध्ये राहते, शिकागोपासून दूर, जिथे खरंच चहूकडे मका आहे. मालिकेची गोष्ट घडते ते हॅडनफील्ड गाव इलिनॉयमधलं दाखवलंय, पण असं गाव इथे नाही. नाव डेब्रा हिलच्या न्यू जर्सीतल्या गावावरून घेतलेलं. आणि पहिल्या भागात मागे चक्क ताडाची झाडं दिसतात. इथे ऑक्टोबरअखेर एक ताड दाखवा!

पण गावाच्या स्वभावाबद्दल मला बोलायचंय. अशा छोट्या गावात एखाद्या घरात काही वाईट घडलं की ते घर आणि ती माणसं कायमची त्या नावाने ओळखली जातात. किराणा दुकानात लोक बघून न बघितल्यासारखं करतात. 'एंड्स'मध्ये लॉरी दुकानातून बाहेर येते आणि एक बाई तिलाच सुनावते की तूच त्याला डिवचलंस, तुझ्यामुळे माझ्या बहिणीचं असं झालं. हा प्रसंग मला सगळ्यांत खरा वाटला. त्या बाईची बहीण जिवंत आहे, चाकाच्या खुर्चीत आहे, आणि राग काढायला समोर फक्त लॉरी आहे. मायकेल कुठे गेला कोणाला माहीत नाही, म्हणून लोकांनी आपापला मायकेल शोधून घेतला. कोणाला लॉरी सापडली, कोणाला कोरी.

सईचीआई :

मक्याचंशेत, अगदी. आणि म्हणूनच मला 'किल्स' आणि 'एंड्स' एकत्र बघितल्यावर जास्त पटले. किल्समध्ये हॉस्पिटलातला जमाव मायकेल समजून एका भलत्याच वेड्या पेशंटच्या मागे लागतो आणि तो बिचारा खिडकीतून उडी टाकतो. तेव्हा मी वैतागले होते, घोषणा देऊन देऊन डोकं उठवलं होतं त्या लोकांनी. पण 'एंड्स'मध्ये कळलं की दिग्दर्शकाला गावाची गोष्ट सांगायची होती. आधी घाबरलेलं गाव, मग चवताळलेलं, मग कुजलेलं. मायकेल निमित्त.

शून्यगुण :

गावाची गोष्ट सांगायची तर वेगळा चित्रपट काढा ना. हॅलोविनचं नाव कशाला?

पॅसाडेनाकर :

कारण नाव नसतं तर पैसे मिळाले नसते, आणि तुम्ही-आम्ही बघायलाही गेलो नसतो!

मक्याचंशेत यांच्या ताडाच्या झाडांचा खुलासा : पहिला भाग आमच्या साउथ पॅसाडेनात आणि हॉलीवूडमध्ये चित्रित झाला, तोही वसंतात. शिशिराची पानगळ दाखवायला कागदाची पानं रंगवून रस्त्यावर पसरत आणि शॉट झाला की गोळा करून पुढच्या शॉटला वापरत. एवढा पैसा कमी. मायर्सचं घर मूळ जागेवरून हलवून आता मिशन स्ट्रीटजवळ, रेल्वेच्या रुळांशेजारी ठेवलंय. भारतातून पाहुणे आले की मी त्यांना तिथे नेतो. लोकांना वाटतं भयाण काहीतरी असेल. प्रत्यक्षात छान रंगवलेलं, कामकाजाचं ऑफिस वाटावं असं टुमदार घर आहे. बाजूने मेट्रो जाते. मुखवट्याची गोष्टही अशीच काटकसरीची : टॉमी ली वॉलेसने दोन डॉलरच्या आत मिळालेला विल्यम शॅटनरचा, म्हणजे 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा मुखवटा घेतला, भुवया काढल्या, डोळ्यांची भोकं मोठी केली आणि पांढरा रंग फासला.

अश्विनी_ठाणे :

पॅसाडेनाकर, फोटो टाका की घराचे!

मुद्द्यावर येते. कोणीतरी शेवटाबद्दल बोला. माझी तक्रार कोरीच्या पहिल्या तासाबद्दल कमी आणि शेवटच्या अर्ध्या तासाबद्दल जास्त आहे. कोरीवर एवढा वेळ खर्च केला तर त्याचा शेवट तरी नीट करायचा. तो जिन्यावरून पडतो, लॉरीवर आळ यावा म्हणून स्वतःच्याच मानेत सुरी खुपसतो, आणि मग मायकेल येऊन मान मोडून त्याला बाजूला टाकतो. त्यानंतर चित्रपट त्याला विसरतो. म्हणजे लॉरीचा चित्रपट कोरीला दिला आणि शेवटी कोरीकडूनही काढून घेतला. धड त्याचाही नाही, तिचाही नाही.

रातकिडा :

अश्विनी, मी तीन परिच्छेद लिहून जे नीट सांगू शकलो नाही ते तुम्ही एका वाक्यात सांगितलंत. 'धड त्याचाही नाही, तिचाही नाही'. हेच खुपतंय मला.

टेपरेकॉर्डर :

शेवटाबद्दल माझं मत वेगळं आहे, आणि त्यासाठी मुस्तफा अक्काद यांच्याबद्दल बोलायला हवं. सीरियात जन्मलेला हा माणूस पहिल्या आठही भागांमागे निर्माता म्हणून उभा होता. २००५ मध्ये अम्मानमधल्या बॉम्बस्फोटांत ते आणि त्यांची मुलगी गेले, पुढे त्यांचा मुलगा मलेकने मालिका सांभाळली. अक्काद यांची ठाम भूमिका होती की मायकेल मरता कामा नये.

आता १९९८ चा 'एच ट्वेंटी' आठवा. लॉरीचं काम करणाऱ्या जेमी ली कर्टिसला मायकेलचा कायमचा अंत हवा होता. शेवटी लॉरी कुऱ्हाडीने त्याचं मुंडकं उडवते, आम्ही टाळ्या वाजवल्या. आणि २००२ च्या 'रेझरेक्शन'मध्ये कळलं की मुखवट्यात मायकेल नव्हताच. स्वरयंत्र चिरडलेला, बोलू न शकणारा एक अँब्युलन्सवाला होता. लॉरीने एका निरपराध माणसाला मारलं. एवढंच नाही, त्याच चित्रपटाच्या सुरुवातीला लॉरीलाही मारून टाकलं. मी इतका कधीच दुखावलो नव्हतो. त्या बाईचा विजय परत घेतला हो!

म्हणून 'एंड्स'चा शेवट मला पुरेपूर भिडतो. लॉरी त्याला ओट्यावर सुऱ्यांनी खिळवते, अंगावर फ्रिज लोटते, मुखवटा काढते. अ‍ॅलिसन येऊन साथ देते. गळा, मग मनगट. आणि तिथे थांबत नाहीत. गाडीच्या टपावर बांधून सगळ्या गावाच्या देखत नेतात आणि भंगारखान्याच्या यंत्रात घालतात. आता कोणी म्हणू शकत नाही की आत दुसराच होता. चोवीस वर्षांनी लॉरीला तिचा विजय परत मिळाला. तो मिळावा यासाठी कोरीचा तासभर सोसायला मी तयार आहे.

सईचीआई :

टेपरेकॉर्डर, वाचून डोळ्यांत पाणी आलं. ती मिरवणूक मला आधी हास्यास्पद वाटली होती, पोलिसांसकट सगळं गाव प्रेतामागे गाड्या घेऊन. पण गावाने ते डोळ्यांनी बघणं गरजेचं होतं.

वडापाव_बर्लिन :

मिरवणुकीबद्दल अनुमोदन. आणि जेमी ली कर्टिसचा चेहरा बघा त्या प्रसंगात. आनंद नाही, समाधानसुद्धा पूर्ण नाही. १९७८ मध्ये ती विशीचीही नव्हती. 'एंड्स'च्या पुढल्याच वर्षी, २०२३ मध्ये, तिला दुसऱ्या चित्रपटासाठी ऑस्कर मिळालं तेव्हा मी तर या मालिकेचाच सन्मान झाल्यासारखा नाचलो.

शून्यगुण :

तुमच्या वर्णनावरून मिरवणूक चांगली असावी, हे मान्य करतो. तेवढंच.

खारावारा :

टेपरेकॉर्डर यांचं वाचून मी काल पुन्हा शेवट पाहिला. एक गोष्ट आधी नजरेतून निसटली होती. सगळं संपल्यावर लॉरी पुस्तक पूर्ण करते आणि तिथे ती साधारण असं म्हणते की वाईट मरत नाही, रूप बदलतं. म्हणजे यंत्रात मायकेल गेला, पण कारण नसलेली ती गोष्ट तशीच राहिली. माझी जी मुख्य तक्रार होती, की कोरीने कारण देऊन भीती घालवली, ती या वाक्याने थोडी निवली. पूर्ण नाही. कोरीला जर गावानेच घडवलं, तर कोरी मेल्यावर गावाचं काय झालं, हे मला बघायचं होतं. सुनावणाऱ्या त्या बाईचं काय झालं? कोरीला पुलावरून ढकलणारी बँडमधली पोरं तर मेली, पण त्यांच्या घरी त्या रात्री काय घडलं असेल? मिरवणुकीत नुसते चेहरे दिसतात, आणि पुढे लॉरी आणि पोलीसवाल्या हॉकिन्सच्या गप्पा जपानातल्या चेरीच्या बहराच्या.

मक्याचंशेत :

चेरीच्या गप्पा मला आवडल्या बरं का. त्या बाईच्या आयुष्यात चाळीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी सुट्टीबद्दल बोललं!

नाईटशिफ्ट :

खारावारांचा प्रश्न रास्त आहे. मला वाटतं या सगळ्याचं मूळ हेच की तीन चित्रपटांचा आराखडा नीट बसवला नाही. कोरीला २०१८ च्याच भागात एक-दोनदा दाखवलं असतं, शेजारचा साधा पोरगा म्हणून, तर 'एंड्स'मध्ये तो उपरा वाटला नसता. किल्समध्ये पळापळ कमी करून त्याच्या अपघाताची बीजं पेरता आली असती. कल्पना दर्जेदार आहे, जागा चुकली.

रातकिडा :

या आठवड्यात धाग्यावरचं सगळं डोक्यात ठेवून मी तिन्ही भाग ओळीने पुन्हा पाहिले.

नाईटशिफ्ट म्हणतात तसंच वाटलं. आणि टेपरेकॉर्डर म्हणतात तेही. 'रेझरेक्शन'चा घाव मी या हिशोबात धरलाच नव्हता. धाडस की बेइमानी विचारलं होतं, तर आता मी धाडसाच्या बाजूला आहे. पण अर्धवट धाडस. कोरीवर विश्वास होता तर शेवटपर्यंत ठेवायचा. मुखवटा त्याच्याकडेच राहू द्यायचा आणि लॉरीला शेवटची लढाई त्याच्याशी लढू द्यायची, जो मुलगा तिने स्वतः जखमेला मलमपट्टी करायला नेऊन नातीशी भेटवला. त्यात केवढी वेदना होती! मायकेल यंत्रात जायचा तो गेला असताच.

आणि २०२३ मध्ये मिरामॅक्सने टीव्हीसाठी हक्क घेतलेत. म्हणजे मायकेल येणार. माझी एवढीच इच्छा आहे की नव्यांनी १९७८ सारखं कमी दाखवावं आणि कारण देऊ नये.

शून्यगुण :

मी १९८२ चा तिसरा भाग कधीच पाहिला नाही. मायकेल नाही म्हणून सोडला होता. टेपरेकॉर्डर यांनी लिहिल्यामुळे बघावासा वाटतोय. आधीचे बघून मग बघू की थेट?

टेपरेकॉर्डर :

थेट बघा, आधीच्यांशी गोष्टीचा काही संबंध नाही. पहिला भाग त्यात फक्त टीव्हीवर चालू असलेला दिसतो. दिग्दर्शक टॉमी ली वॉलेस, तोच दोन डॉलरच्या मुखवट्यावाला. शक्यतो रात्री, आवाज मोठा ठेवून. जाहिरातीतलं गाणं आठवडाभर डोक्यातून जाणार नाही, त्याची तयारी ठेवा. आणि पाहून झालं की 'एंड्स' सोडलात तिथून पुढे बघा, मग इथे येऊन लिहा. भांडायला मी आहेच.